कागदवाल्याला सांगायचे राहिले

४ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.
पत्र पोचले. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून तुझे अक्षरही आजारी पडले आहे.

कोपऱ्यावरच्या कागदवाल्याकडून मी कागद घेणे बंद केले. सव्वीस वर्षे माझी पुस्तकबांधणी त्याच्या कागदावर उभी होती. परंतु सार्वजनिक वाचनालये बंद करू म्हणणाऱ्या पक्षाचा फलक त्याने दुकानावर लावला आहे. ज्या बाकांवर बसून आपण शिकलो, ती मोडणाऱ्यांना माझा एक पैसाही पोचता कामा नये. (फलकात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, ते वेगळेच.) आता अर्धा तास चालून पुलापलीकडून कागद आणते.

तुझी,
ताई

११ मार्च
ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.
अक्षर गोड मानून घे. कागदवाल्याचे मला कार्ड आले आहे. ताईंचे हात थरथरू लागले का, काम थांबले का, असे काळजीने विचारतो. तुझा जाड कागद त्याने कोणाला न विकता बाजूला ठेवला आहे.

ताई, मीही औषधांचा दुकानदार. नेहमीचे गिऱ्हाईक दिसेनासे झाले की आम्ही आधी ते आजारी धरतो, मग वारले असे समजतो. आमच्या मतांवर रागावले असेल, हे सुचतच नाही. त्याला कारण सांगितलेस का? न सांगता केलेला निषेध आणि रुसून बसणे, यांत फरक काय? आणि बांधणीची खळ देणाऱ्या खळवाल्याचे मत विचारलेस, की फलक लावणाराच तेवढा सापडला?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
धाकटा

१९ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
चूक माझी होती. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

सकाळी जाऊन त्याला स्पष्ट सांगितले. हात ठीक आहेत हे ऐकून तो आधी हसला, मग भडकला. वाचनालयात रिकामटेकडे पंख्याखाली झोपतात म्हणाला. मागे एकदा माझ्या कारखान्यात पाणी शिरून सगळा माल भिजला, तेव्हा त्याने न मागता कागद पाठवला होता. तेव्हा मी तुमचे मत विचारले होते का, असे त्याने विचारले. मी म्हटले, ते उपकार मी जन्मभर मानीन, पण त्या फलकाला हातभार लावून फेडणार नाही. त्याने फलक काढला नाही. बाजूला ठेवलेला माझा कागद मात्र माझ्यासमोर पुन्हा विक्रीच्या फळीवर मांडला.

निघताना त्याने माझ्या पिशवीतला नवा कागद मागितला, उजेडात धरला, कोपरा चिमटीत चोळला. हा वर्षभरात पिवळा पडेल, म्हणाला. पुलापलीकडे जायचेच असेल तर मागच्या गल्लीतल्या दुकानात जा, तिथला माल खरा आहे.

तिथेच गेले. त्याचे म्हणणे खरे निघाले. आता प्रत्येक नवा कागद आधी त्याला दाखवीन, आणि त्याच्याकडून एकही घेणार नाही.

खळवाला मतदानच करत नाही म्हणतो. त्यालाही स्पष्ट सांगायला उद्या जाते.

लोभ आहेच, अक्षराचे बघ.
ताई