हवालदाराचा नमुना

३ मार्च
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
बोगद्याच्या कामावर फोन लागत नाही, म्हणून पत्र. तुझा कुत्रा माझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानात मजेत आहे. हवालदार नाव शोभतं त्याला, प्रत्येक गिऱ्हाइकाची हुंगून झडती घेतो आणि मी पानं चिकटवायचा सरस शिजवायला घेतला की शेगडीपाशी पहारा देतो. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच्या मूत्रपिंडाची चाळणी सैल झाली आहे, अंगातली प्रथिनं लघवीवाटे गळतात. औषध आणि पथ्याचं खाणं सुरू केलंय. महिन्याने लघवी तपासायची. काठीला पळी बांधून त्याच्यामागे फिरायचा सराव करतेय, शेजारीण खिडकीतून हसते.
ताईची माया आहेच, तुझी राहू दे.

५ एप्रिल
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
तपासणी वाईट आली. प्रथिनं इतकी, की डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एवढी गळती असताना हा उभा कसा, असं त्या विचारत होत्या तेव्हा हा त्यांची चप्पल पळवत होता. तरी म्हणाल्या, भावाला भेटायचं असेल तर बोलावून घ्या. दोन वर्षं तू आला नाहीस, मी कधी बोलले नाही. आता मात्र रडू आवरत नाही.
तुझी ताई

१० एप्रिल
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.
पत्र वाचलं आणि तसाच साहेबांकडे गेलो. त्यांनी आठ दिवसांची रजा एका मिनिटात दिली. दोन वर्षं ते देत नव्हते असं नाही, मीच मागत नव्हतो. तेवीसला पोचतो. तोवर त्याला सांभाळ. एक विचारू? नमुना कसल्या बाटलीतून नेलास? शाळेत तू मला पाणी द्यायचीस, त्या बाटलीलाही सरसाचा वास यायचा.
रागावू नकोस, लोभ आहे तसाच असू दे.

१५ एप्रिल
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
सरसाचीच बाटली. दुकानात दुसरी कुठली असणार? विसळली होती की. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. सरस म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यातली प्रथिनंच, म्हणाल्या. त्यांच्याच डबीतून नवा नमुना नेला. गळती आहे, पण मार्चच्या तपासणीपेक्षा निम्मी. औषध लागू पडलंय.
म्हणजे तुला रजा माझ्या गाढवपणावर मिळाली. साहेबांना सांगायची घाई करू नकोस. तू येणार हे मी हवालदाराला सांगून बसलेय. तेव्हापासून तो दारात बसून असतो, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायच्या निमित्ताने मीही.
वाट पाहणारी ताई