शेखमामांची लिव्हरवाली रायफल

४ नोव्हेंबर, सोहार, ओमान
सुट्टीला परत नाही म्हणाला अर्बाब, म्हणजे आमचा मालक! तिसऱ्यांदा. "बाद में, इन्शाल्ला." रेवाचं लग्न अठ्ठावीसला आणि तिचा बाप इथं लेथवर. पासपोर्ट अर्बाबच्या कपाटात. बायकोला, प्रेमाला फोनवर म्हटलं, मिळेल गं सुट्टी.

६ नोव्हेंबर
अर्बाबला त्याच्या मामांकडची जुनी लिव्हरवाली रायफल विकत घ्यायचीय. परवाना-बिरवाना झालाय. शुक्रवारी मी सोबत जायचं — "तू फिटर. तू देख. माल बराबर निकला, तो छुट्टी देखेगा." म्हणजे माझ्या पोरीचं लग्न बंदुकीवर टांगलेलं! जन्मात हातात धरली नाही मी.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
पण लोखंड ते लोखंड. आधी रिकामी आहे ना, ते पाहिलं. लिव्हर वीसदा खाली-वर केली — झकास! नळीत टॉर्च मारला, गंज नाही. लाकूड नि लोखंड यांत केसाएवढी फट नाही. जुनं काम, पण काय काम!

मग एका स्क्रूची खाच कुरतडलेली दिसली. कुणीतरी अडाण्यासारखी उघडलेली. लिव्हर पूर्ण बंद करून बोल्ट, म्हणजे गोळीला मागून अडवणारा ठोकळा, अंगठ्यानं दाबला. हलला! तिथं हलता कामा नये. एखाद्या दिवशी बार उडवणाऱ्याच्याच तोंडावर यायचा.

चांगली म्हटलं तर सुट्टी. अगदी ओठांवर आलं होतं. नाही जमलं मेलं! सांगून टाकलं. शेखमामा ऐंशीचे, रागावले नाहीत. "ठीक होगा?" आतला तुकडा नवा घडवतो म्हटलं, आठ दिवस द्या. अर्बाबचं तोंड मात्र एवढंसं. मामांच्या मालाला त्यांच्याच घरात नावं ठेवली ना मी!

कहव्याचा, इथल्या बिनदुधाच्या कॉफीचा कप पुढे आला. हात तेलानं बरबटलेले, म्हणून खाली ठेवला. मामांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बोलो, क्या चाहिए?" म्हटलं, एक फडकं द्या. सगळे खो-खो हसले. हात पुसले, कहवा प्यायलो.

गाडीत अर्बाब एवढंच म्हणाला — "छुट्टी खलास."

९ नोव्हेंबर
प्रेमाचे चार फोन. उचलले नाहीत.

११ नोव्हेंबर
ड्रायव्हर जहूरला फडक्याचं सांगितलं. तीस वर्षं इथं आहे तो. कपाळावर हात मारून घेतला त्यानं! इथल्या जुन्या माणसांची रीत म्हणे — पाहुण्यानं कहवा न पिता कप खाली ठेवला, तर तो काहीतरी मागायला आलाय. घरातल्या वडीलधाऱ्यानं 'बोलो' म्हटलं, की मागेल ते द्यायचा शब्दच दिला. "तेरे अर्बाब से भी दिलवाता वो!"

आणि मी काय मागितलं? फडकं! अर्बाब शेजारीच बसलेला. मूर्ख, मूर्ख, मूर्ख!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
तुकडा बसवला. बोल्ट आता हलत नाही. हात साबणानं दोनदा धुतले. कहवा आला, कप खाली ठेवला. अर्बाब बघतोय.

मामा मिशीत हसले. "आज तो हाथ साफ है. बोलो."

बोललो — पोरीच्या लग्नाला सुट्टी. पासपोर्ट उशीखाली आहे.