रताळं नव्हतंच ते

टॅम्पिनीस, कार्तिकी एकादशी, २००६

पुण्याहून आलेल्या सासूबाईंचा उपवास, म्हणून बाजारातून रताळं आणलं. कापलेला तुकडा होता, आत जांभळे ठिपके. परदेशातलं रताळं असंच असेल म्हणून किसलं आणि पाच मिनिटं परतलं. नैवेद्याची चव आधी घ्यायची नाही, हे माझ्या आईने शिकवलेलं. खाताना सासूबाईंचा हात सारखा गळ्याशी जात होता.

उरलेला तुकडा पाहून शेजारच्या चिनी आंटी हसल्या. हा याम, आपल्या अळूच्या कंदासारखा, रताळं नव्हे. भरपूर शिजवला नाही तर घसा खाजतो.

उपवास मोडला का मी त्यांचा? शेवटी सासूबाईंना विचारलंच.

“अगं, कंदच ना तो? घसा माझा खाजला, विठोबाचा नाही.”

मग कढईतला उरलेला घास खाऊन पाहिला. एवढ्यानेच घसा पेटला. त्यांनी तर गळ्याशी हात नेत बशी पुसून संपवली होती.