अंबाडा कोण घालणार?

वाराणसी, सोमवार, १४ ऑक्टोबर १९९६

डाव्या छातीतलं इम्प्लांट बदलायचं, हे आज ठरवलं. कॅन्सरनंतर बसवलेलं ते आता दगडासारखं झालंय, कुशीवर झोपवत नाही. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जुनं काढतील, भोवतीचं कडक आवरण काढतील, मग नवं बसवतील. जखमेतलं पाणी निघायला काही दिवस नळी राहील. दुखेल. आणि काही आठवडे हात डोक्यावर न्यायचा नाही.

मग अंबाडा कोण घालणार? दुखण्यापेक्षा हेच डोक्यात घोळतंय. औषधांनी गळलेले केस परत आले, तेव्हापासून त्यांना कुणाचा हात लागू दिलेला नाही.

मंगला गौरीच्या देवळाच्या पायऱ्या उतरताना जाऊबाई म्हणाल्या, "या वयात कशाला ही ऑपरेशनची हौस? घाटावर कोण बघतंय तुला?"

"मी बघते ना. रोज."

संध्याकाळी त्या कंगवा घेऊन खोलीत आल्या. "बस खाली. तुझा अंबाडा आत्ताच शिकव. नंतर दुखत असताना माझ्यावर खेकसशील."

बसले. पहिला ढिला झाला, सोडायला लावला. दुसराही.

"बाई गं, मास्तरीण ती मास्तरीणच!"

तिसराही ढिलाच आहे. पण तसाच ठेवलाय. उद्या डॉक्टरांकडून तारीख घेते.