गौरीचं अंगण आणि साड्यांचे गठ्ठे

नारायणगाव,
शनिवार, २२ मार्च २०२५

॥ श्री मुक्ताई प्रसन्न ॥

चि. गोकुळ यास मंगलअक्काचे अ. उ. आ.

तू धाडलेलं पार्सल काल एसटी स्टँडवर मिळालं. पोस्टरांची गुंडाळी, सुतळीचा गुंडा आणि खिळ्यांची पुडी, सगळं आलं. पार्सलचे पंच्याण्णव रुपये पडले, रिक्षाला चाळीस. रिक्षा मी करणार नव्हते, पण गुंडाळी तुझ्याएवढी उंच. ती काखेत मारून बाजारातून चालले असते तर लोकांनी विचारलं असतं, काकू, कुठल्या पक्षाचा प्रचार?

आता पुढचं ऐक. त्या पोस्टरवर ज्याचं नाव छापलंस तो सावळेराम एप्रिलच्या प्रदर्शनाला येत नाही. बोरी बुद्रुकहून निरोप आला की चैत्रात गावोगावच्या जत्रा, देवळं रंगवायची कामं घेतलीत, चित्रांना हात मोकळा नाही, एप्रिल सोडून कोणताही महिना द्या. मी फोन करून म्हटलं, अरे बाबा, तुझं नाव छापून आलंय. तर म्हणतो, ताई, देवाच्या कळसापुढं पोस्टराचं काय घेऊन बसलात. देवाचं नाव पुढे केलं की माझं तोंड बंद होतं, हे आता साऱ्या तालुक्याला कळलंय.

बन्सीलाल शेठजींची अट तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तू सोयीने विसरतोस. कापडदुकानावरचा हॉल त्यांनी आपल्या कलादालनाला फुकट दिला तो या बोलीवर, की दर महिन्याला इथल्याच कलाकाराचं प्रदर्शन लागेल. हॉल रिकामा दिसला की तो दुकानाचा. त्यांचा मुलगा पिंटू तर टपूनच बसलाय. लग्नसराईच्या साड्यांचा सेल त्याला वर लावायचाय. परवा हॉलमध्ये टेप घेऊन भिंती मोजत होता. मला बघून म्हणाला, काकू, सहज.

किल्ली माझ्याकडे, झाडलोट माझ्याकडे, जमाखर्च माझ्याकडे. आणि सचिव कोण, तर तू, डिंभ्याच्या पलीकडे आश्रमशाळेत, जिथे फोनला रेंज नाही. ही सोय तुला बरी आहे. आठ दिवसांत माणूस सुचव. प्रतिभाला आशीर्वाद सांग.

रागात लिहिलंय. माया त्यातूनच निवडून घे.
तुझी अक्का

*

आश्रमशाळा,
२६ मार्च

ती. मंगलअक्काच्या चरणी गोकुळचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. एकदा घाबरून वाचलं, मग प्रतिभाने हसत मोठ्याने वाचलं. मला खरंच हलता येत नाही गं. परीक्षा आणि वसतिगृह दोन्ही माझ्याच गळ्यात, एप्रिल संपेपर्यंत सुट्टी नाही. कळंबच्या फोटोग्राफर गोरखला त्याचे फोटो लावतोस का म्हणून माणसाकरवी विचारलं. त्याच्याही गळ्यात लग्नंच आहेत.

तेव्हा एकच नाव उरलं, आणि ते तुझं आहे. रागावू नकोस. दर चैत्रात तुझ्या दारातलं चैत्रांगण बघायला येणारीजाणारी थांबतात की नाही? शंख, चक्र, कासव, झोपाळ्यातली गौर, हे सगळं सासूबाईंनी तुझ्या हातात दिलं, ते दालनाच्या फरशीवर मोठं करून काढ. तू इथलीच आहेस आणि कलाकारही आहेस. दोन्ही अटी पुऱ्या होतात.

फक्त एक कर. रांगोळी डिंकाच्या पाण्यात कालवून काढ म्हणजे फरशीला धरून बसेल. भोवती सुतळी बांध. एका दिवसाचं काम, महिनाभर निवांत. दाजींनाही तसंच सांग, म्हणजे ते कुरकुरणार नाहीत.

लोभ पातळ करू नकोस, चहा केलास तरी चालेल.
तुझा गोकुळ

*

नारायणगाव,
२ एप्रिल

चि. गोकुळ यास अ. उ. आ.

सोमवारी गौर बसली, त्याच सकाळी दालनात अंगण काढलं. दोन गुढ्या, तोरण, झोपाळ्यात गौर, तुळस, हत्ती, गाय-वासरू, फणी-आरसा, सारं मनासारखं उतरलं. छापलेली पोस्टरं फेकवेनात, म्हणून त्यांच्या पाठीवर मार्करने चैत्रांगण असं लिहून बाजारात चिकटवली. बायका आल्या. हळदीकुंकू केलं, कैरीची डाळ वाटली, तिचा खर्च दालनाच्या नावे टाकलेला नाही, हे लक्षात असू दे.

डिंक मात्र घातला नाही. तुला हे सुचलंच कसं? गौर महिनाभर माहेरपणाला येते, तिच्यापुढे रोज अंगण पुसून नवं काढायचं असतं. सकाळचा नैवेद्य तू महिनाभर तोच ठेवशील का? मी रोज पहाटे देवपूजा उरकून वर जाते, ओल्या हाताने पुसते आणि पुन्हा काढते. जिना चढताना गुडघे माझ्या नावाने ओरडतात. हे म्हणाले की भावाचं दालन आणि बहिणीचे गुडघे, बरी भागीदारी आहे.

शेठजींच्या मातोश्री धापूबाई मात्र रोज वर येतात, खुर्चीत बसतात, काढताना बघतात. पिंटूची लेक टीनाही आली आणि पणजीला विचारत होती की काकू रोज पुसतात का, चुकतं का त्यांचं?

माया आहे तिथेच आहे, जागची हलली नाही.
अक्का

*

आश्रमशाळा,
५ एप्रिल

ती. अक्काच्या चरणी सा. न.

अक्का, हात जोडतो, पुसू नकोस. घर वेगळं, दालन वेगळं. पहिल्या तारखेला आलेल्याला जे दिसलं तेच वीस तारखेला आलेल्याला दिसायला हवं, त्यालाच प्रदर्शन म्हणतात. तुझी टीनासुद्धा विचारते म्हणजे बघ.

शेठजींची चिठ्ठी आलीय. बुधवारी, नऊ तारखेला, त्यांचे पुण्याचे पाहुणे दालन बघायला येणार आहेत. निदान मंगळवारची रांगोळी बुधवारी तशीच राहू दे. एका दिवसासाठी गौर रुसायची नाही. माझ्यासाठी एवढं कर.

धाकटा म्हणून माझं ऐकत नाहीस, धाकटा म्हणूनच मायाही कर.
गोकुळ

*

नारायणगाव,
१० एप्रिल

चि. गोकुळ यास अ. उ. आ.

झालं ते लिहिते. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझ्या शब्दाखातर काल न पुसण्याचं ठरवून वर गेले. दार उघडते तर रात्री खिडकीतून पारवे आत येऊन गेलेले. कासवाच्या पाठीवर पंजे, गौरीच्या झोपाळ्यावर घाण. मला ते बघवेना. शिळी आणि वर विटाळलेली रांगोळी पाहुण्यांपुढे कशी ठेवू? पुसली. डबा उघडला तर रांगोळी तळाला गेलेली. शेजारच्या दुकानाला अजून कुलूप, म्हणून पेठेत गेले. तिथला म्हणाला की काकू, बोहनी व्हायचीय, सुट्टे द्या. सुट्ट्यात वेळ गेला.

परत येते तो शेठजी आणि पाहुणे माझ्या आधी वर. किल्लीची दुसरी जोडी त्यांच्याकडे असते हे मी साफ विसरले. ओली फरशी, रिकामा हॉल. पाहुणे बिचारे भिंतीच्या रंगाचं कौतुक करत होते. शेठजींनी आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं की ताई, इथे बघायचं काय? मी म्हटलं, थांबा, आत्ता काढते. पण पाहुण्यांना ओझरच्या दर्शनाची घाई. संध्याकाळी पिंटू घरी येऊन सांगून गेला की पप्पा म्हणाले हॉल रिकामा दिसला, बोली संपली. मंगळवारी साड्यांचे गठ्ठे वर चढणार.

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं की झाली का एकदाची गौर पावन? मी उठून आत गेले. देवापुढे बसले, तर तिथेही रागच येत होता. तुझा, माझा, पारव्यांचा.

चूक माझी म्हण, पण डिंकाचं नाव काढू नकोस.
अक्का

*

आश्रमशाळा,
१३ एप्रिल

ती. अक्का यांस सा. न.

डिंकाचं नाव काढणार नाही. पण अक्का, चार वर्षं मी दर महिन्याला एकेक माणूस शोधला. कुंभार शोधला, टोपल्या विणणारी साळुबाई शोधली, सावळेरामला तर शिडीवरून खाली उतरवून आणला. एकही महिना रिकामा जाऊ दिला नाही. आणि तू माझी सख्खी बहीण, तू तो पुसून टाकलास. आणखी काही लिहीत नाही. लिहिलं तर पुढे खोडावं लागेल.

शेठजींशी वाद घालू नकोस. भिंतीवरच्या पट्ट्या आणि दिवे आपल्या पैशाचे आहेत, ते काढून घरी नेऊन ठेव. किल्ली परत दे. मला त्यांच्यापुढे बोलायला कधी जमलं नाही, आता तर तोंडच नाही.

लोभाचं आज काही लिहवत नाही.
गोकुळ

*

नारायणगाव,
१९ एप्रिल

॥ श्री मुक्ताई प्रसन्न ॥

चि. गोकुळ यास अ. उ. आ.

तुझं पत्र मंगळवारी दुपारी आलं. दिवे काढले नाहीत, किल्लीही दिली नाही. कारण मंगळवारी सकाळी काय झालं ते सांगते.

मनात आलं, गौर अजून माहेरीच आहे. हॉल जायचा तर जाऊ दे, पण तिला मी होऊन उठवणार नाही. पहाटे वर गेले आणि काढत सुटले. रोज मधला चौक काढायची, त्या दिवशी हात थांबेना. गंगा-यमुना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढल्या, आणि गौरीची पावलं थेट उंबऱ्यापासून आत आणली. राग होता रे, दुसरं काही नाही. शेवटचं पाऊल काढून जिन्यात येते तर खालून हमाल गठ्ठे घेऊन चढत होते.

पुढे जानकू, डोक्यावर गठ्ठा. उंबऱ्यापाशी आला आणि उभाच राहिला. मागचे मागे जिन्यात अडकले. जानकूने विचारलं की ताई, कडेनं जागा हाय का? मी म्हटलं की आज नाही. खालून पिंटू ओरडायला लागला की थांबलात कशाला. जानकू म्हणाला की शेठ, गठ्ठा म्हणाल तिथं टाकतो, पण गौरीच्या पावलांवर पाय द्यायचा न्हाई, आमाला लेकरं हायेत. पिंटू वर आला, म्हणाला की झाडून घ्या. झाडू कुणी उचलेना. शेवटी त्याने स्वतः उचलला. तेवढ्यात त्याच्यामागून धापूबाई चढून आल्या. त्यांनी नातवाच्या हातातला झाडू काढून घेतला आणि एवढंच म्हणाल्या की ताजं अंगण झाडून दुकान मांडशील, त्या दुकानात गिऱ्हाईक कुठल्या पायाने येईल? गठ्ठे खाली गेले. अजून जिन्याखालीच आहेत. मी रोज पहाटे पुसते, उंबऱ्यापासून काढते, आणि जानकू रोज एकदा वर डोकावून जातो. आज काढलीय का बघतो आणि निवांत विडी प्यायला जातो.

आता तूच सांग. तुझ्या म्हणण्याप्रमाणे डिंक लावून बसवली असती, तर पंधरा दिवसांत धूळ बसून फरशीचं डिझाइन झालं असतं. गठ्ठे तिच्यावरच उतरले असते आणि कुणाला काही वाटलं नसतं.

पण फुशारकी पुरे. अक्षय तृतीया तीस तारखेला. त्या दिवशी गौर सासरी जाते. त्यानंतर मी एक ठिपका काढणार नाही, तुझ्यासाठीही नाही आणि दालनासाठीही नाही. गौर नसताना गौरीची पावलं काढायची म्हणजे देवाला पुढे करून माणसं अडवायची, सावळेरामने मला अडवलं तशी. एक मेला फरशी मोकळी, आणि गठ्ठे जिन्याखालीच. मे महिन्याला माणूस हवा. तो तू शोधला नाहीस, मी शोधला.

रोज बसतात म्हणून धापूबाईंना मी विचारलं होतं की तुमच्याकडे काय काढतात? त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी पदराखालून मण्यांचं तोरण काढलं. मोर, हत्ती, वेलबुट्टी, एकेक मणी सुईने ओवलेला. लग्नाआधी राजस्थानात माहेरी केलेलं. अशी तोरणं, रुमाल, नारळावरची आच्छादनं त्यांच्या पेटीत भरून पडलीत. घरात लावत नाहीत, कारण सुनेला नव्या पडद्यांवर शोभत नाहीत वाटतं. मी म्हटलं, मे महिना तुमचा. त्यांनी नको नको केलं, म्हाताऱ्या बाईचे मणी कोण बघेल म्हणाल्या, आणि जाताना विचारलं की भिंतीला खिळे पुरतील का?

त्यांचं म्हणणं दोनच. एक, दालनाच्या सचिवाचं निमंत्रण हवं, कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं. मी लिहिलेलं चालत नाही, तू पाठव. दोन, मुलाला त्या स्वतः सांगणार नाहीत. मागून घेतल्यासारखं होतं म्हणाल्या. तेव्हा शेठजींना तूच लिहायचं, की मे महिन्यात तुमच्या आईचं प्रदर्शन आहे. तुला त्यांच्यापुढे बोलता येत नाही ना, मग कागदावर बोल. तुझ्या चार वर्षांसाठी माझे गुडघे झिजले, आता तुझी एक ओळ होऊ दे.

छापलेल्या पोस्टरांतलं एक उरलंय, त्याची पाठ कोरी ठेवलीय. त्यावर नाव काय घालू म्हणून त्यांना विचारलं, तर म्हणाल्या की बन्सीची आई लिही, तेवढं पुरे. मी म्हटलं, तेवढं पुरत नाही. तेव्हा त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या नावासकट, आणि मग पुन्हा एकदा सांगितलं, मी नीट ऐकलं की नाही म्हणून. ते मी अजून लिहिलेलं नाही. आधी शेठजींना कळू दे.

लोभाचं मागच्या पत्रात तुला लिहवलं नाही, ते मी तुझ्या नावे टाकून ठेवलंय, मे महिन्यात फेड. निमंत्रण आणि शेठजींचं पत्र दोन्ही धाडलीस की नाही, ते उलट टपाली कळव.

तुझी अक्का,
मंगल