बाकी काही घेत नाही

४ जानेवारी, सकाळी ६.१०
नवीन वही. जुन्या वहीत सात वर्षांपूर्वीची पानं होती. ती फाडायला गेलो तर शिवण सुटली, म्हणून आख्खी वहीच टाकली. तेव्हा एकदाच लिहून ठेवतो: मला एचआयव्ही आहे. कसा झाला ते लिहिणार नाही. हिला माहीत आहे. तेव्हा ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही आणि पाचव्या दिवशी माझ्याबरोबर उपचार केंद्रावर आली. विषय संपला.

कालचा रिपोर्ट: रक्तात विषाणू सापडला नाही. सलग बारावा. केंद्रातल्या समुपदेशक ताई म्हणाल्या, काका, रिपोर्ट असाच राहिला तर काकूंना तुमच्यापासून काही धोका नाही. मी म्हणालो, राहणारच. एकवीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं करतोय. रोजच्या एकशे अठ्ठेचाळीस फेऱ्या सांभाळणाऱ्याला एक गोळी म्हणजे काय. रोज सकाळी आठ वाजता. घरात तिला ‘आठची’ म्हणतात. म्हणजे मी म्हणतो.

ताईंनी विचारलं, बाकी काही घेता का? म्हणालो, काही नाही.

यंदाचे संकल्प: रोज चालायला जाणे. वजन चार किलो कमी करणे. चिडायचं नाही.

१२ जानेवारी
छातीत जळजळ. डेपोतला चहा. मिंटच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या आणल्या. हे काही औषध नव्हे. मेडिकलवाला त्या गल्ल्यावर बरणीत ठेवतो, चॉकलेटांच्या शेजारी. औषध असतं तर आत कपाटात असतं.

चालायला गेलो नाही. बूट चावतात.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी
मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. आधी विमा विकायचा, मग पाण्याचे फिल्टर, आता आरोग्य विकतो. माझ्या आजाराबद्दल त्याला काही माहीत नाही आणि कळायची गरज नाही. म्हणाला, दाजी, चेहरा उतरलाय. पन्नाशीनंतर हाडं आतून पोकळ होतात म्हणे. मी मनगट दाबून पाहिलं. पोकळ वाटलं.

दोन डबे दिले. एकात कॅल्शियम आणि झिंक, दुसऱ्यात लोह आणि आणखी वीस-बावीस खनिजं. डब्यावर धावणाऱ्या माणसाचं चित्र आहे. ह्याला पूरक आहार म्हणतात. आहार म्हणजे जेवणच.

१५ फेब्रुवारी
एका कंडक्टरवर ओरडलो. चूक त्याचीच होती, पण ओरडल्यामुळे ती माझी झाली. मेहुण्याला फोनवर सांगितलं. अर्ध्या तासात कॅप्सूल घेऊन हजर. पिवळ्या रानफुलांच्या अर्काच्या, मन शांत ठेवण्यासाठी. परदेशात लोक बागेत उगवून खातात म्हणे. हिने बाटली उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, हे चालतं का तुम्हाला? मी म्हणालो, फुलं आहेत ती. देवाला चालतात, मला नाही चालणार?

२२ फेब्रुवारी, सकाळी ८.२०
आजचा दिवस मोठा आहे.

गेले काही दिवस तारांबळ उडत होती. सकाळी आठची, नऊला हाडांची, साडेदहाला खनिजं, दुपारी फुलं. दर तासाला पाणी, दर तासाला आठवण. साहेब एकदा म्हणाले, तुमच्या टेबलावर फायलींपेक्षा डबे जास्त दिसतात. मग डोक्यात आलं, की आपण डेपोत काय करतो? प्रवासी कमी असले की दोन फेऱ्या एकत्र करतो. क्लब करणे म्हणतात त्याला. गाडी वाचते, ड्रायव्हर वाचतो, डिझेल वाचतं. हे घरी आजवर सुचलं नाही, ह्याचीच लाज वाटली.

तर आजपासून सगळ्यांची एकच वेळ: सकाळी आठ. चार गोळ्या, एक मूठ, एक ग्लास. उपाशीपोटी, म्हणजे लगेच चालायला जाता येईल. चालणं सुरू झालं नाही अजून, पण सुरू होईल तेव्हा क्रम तयार असेल.

सगळं मिळून अकरा सेकंद लागले. घड्याळ लावून पाहिलं.

२३ फेब्रुवारी
मूठभर गोळ्यांनी जळजळ वाढली. अपेक्षित होतं. त्यावर लगेच जळजळीचं गुलाबी औषध दोन चमचे. औषध म्हणजे, सिरप. थंड वाटतं. आता एकूण पंधरा सेकंद.

१० मार्च
हिने विचारलं, हे सगळं डॉक्टरांना सांगितलंय का? सांगितलंय म्हणालो. काटेकोर बोलायचं तर सांगितलेलं नाही. पण त्यांनी विचारलं असतं तर सांगितलंच असतं, म्हणजे सांगितल्यासारखंच आहे. ताईंनी विचारलं होतं, पण त्यांचा रोख औषधांवर होता.

मग तिने गुलाबी बाटली पुढे धरली आणि म्हणाली, औषध नाही, तर ह्यावर लहान मुलांपासून दूर ठेवा असं का लिहिलंय? मला कामाला उशीर होत होता. अर्धा तास लवकर निघालो.

२ एप्रिल, दुपारी २.१५
डेपोत गोंधळ. तीन नंबरच्या फलाटावर १.४० ला दोन गाड्या. मागची बाहेर रस्त्यावरच अडकली. प्रवासी उन्हात उभे, ड्रायव्हर हमरीतुमरीवर. मी दोघांना बसवून शांतपणे समजावलं. म्हटलं, गाडी कुठलीही वाईट नसते. पण एकाच फलाटावर एकाच वेळी दोघी आल्या तर एक आत येतच नाही, आणि तिच्यातली माणसं जिथे पोचायला हवीत तिथे पोचत नाहीत. मध्ये वेळ सोडायला हवा. इतकी साधी गोष्ट एकवीस वर्षं सांगतोय, लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

तो तक्ता माझाच होता. छपाईत चूक झाली असावी.

६ मे
तब्येत उत्तम. कंडक्टरवर ओरडलो नाही. तो रजेवर आहे.

१९ मे
चालायला गेलो. कोपऱ्यापर्यंत. बूट.

३ जुलै, सकाळी ११.००
केंद्रावर रक्त दिलं. ताईंनी पुन्हा तेच विचारलं, बाकी काही घेता का काका? काही नाही. रांगेतल्या एका नव्या माणसाला माझी शिस्त थोडक्यात सांगितली. त्याने नाव-गाव विचारलं नाही, पण ऐकत होता. आपला कुणाला उपयोग झाला की बरं वाटतं.

११ जुलै, दुपारी १२.३०
विषाणू सापडला. व्हायरल लोड चार हजार दोनशे.

शक्यता लिहून काढतो. नळीवरची चिठ्ठी बदलली. मशीन नवीन असेल. मशीन जुनं असेल. ज्या मुलीने रक्त घेतलं ती फोनवर बोलत होती. आकड्यात दशांश चिन्ह राहून गेलं असेल.

ताई म्हणाल्या, गोळी चुकली का कधी? हे मात्र लागलं मला. सात वर्षांत एकदाही नाही, सख्ख्या भावाच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, माझा विश्वास आहे काका, म्हणूनच कोडं पडलंय. सोमवारी काकूंना घेऊन या आणि तोंडावाटे पोटात जे जे जातं ते सगळं एका पिशवीत घालून आणा. अगदी खोकल्याची गोळीसुद्धा.

घरी सांगितलं की थोडा तांत्रिक प्रश्न आहे. हिने आकडा विचारला. सांगितला. ती ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, म्हणजे आता मला?

गॅसवर दूध वर येत होतं, तो बंद केला.

१४ जुलै, दुपारी ३.००
पिशवी नेली. मोठी कापडी, नीट घडी घालून. आत आठचीची बाटली. डॉक्टरांनी ती बाहेर काढली, पिशवी झटकली, आत डोकावून पाहिलं. मी म्हणालो, बाकी काही घेत नाही.

तेव्हा हिने तिची पर्स उघडली.

टेबलावर एकेक मांडत गेली. हाडांचा डबा. खनिजांचा डबा. चघळायच्या गोळ्यांची तीन पाकिटं, त्यातलं एक माझ्या ऑफिसच्या पँटच्या खिशातलं. गुलाबी बाटली. फुलं. नाकातला स्प्रे, जो मी विसरलोच होतो. आणखी एक मलम, जे मी कधीच खाल्लेलं नाही, पण तिने कुठलाच धोका पत्करला नव्हता. आमच्या मागे थांबलेला पेशंट पुढे येऊन बघायला लागला.

डॉक्टरांनी विचारलं, कधी घेता? मला क्लबिंगबद्दल सांगावं लागलं. अकरा सेकंदांचं सांगितलं नाही. ते हिने सांगितलं.

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तुमची गोळी चांगली आहे, पण पोटात तिला कॅल्शियम, लोह, झिंक आणि ह्या गुलाबी औषधातलं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम भेटलं की ते तिला धरून ठेवतात. ती रक्तात जातच नाही. खनिजं निदान भरल्या पोटी घेतली असती तर गोष्ट वेगळी होती, तुम्ही उपाशीपोटी आणि सगळी एकत्र घेतलीत. ॲसिडिटीचं काहीही आठचीनंतर दोन तासांनी, आणि आधी घेतलंच असेल तर मध्ये सहा तास जाऊ द्यायचे. फुलांची बाटली त्यांनी परत दिलीच नाही. म्हणाले, हे सगळ्यात वाईट, ह्याने शरीर गोळीला लवकर बाहेर काढून टाकतं. स्प्रे ह्या गोळीबरोबर चालेल, पण उद्या गोळी बदलली तर हाच स्प्रे घातक ठरू शकतो, तेव्हा विचारल्याशिवाय नाकातसुद्धा काही घालायचं नाही. हाडं तपासली. भरीव आहेत.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. आकडा खाली आला नाही तर विषाणू ह्या गोळीला जुमानेनासा झालाय का ते बघावं लागेल, आणि मग दुसरी औषधं. तोपर्यंत आम्हा दोघांनी घ्यायच्या काळजीबद्दल डॉक्टर स्पष्ट शब्दांत बोलले. हिने नीट ऐकून घेतलं, एक प्रश्नही विचारला. मी भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचला.

भीती वाटते. माझ्यासाठी नाही. लिहून ठेवतो, कारण बोलता येत नाही.

१५ जुलै, सकाळी ८.००
आठची. पाणी. बस.

३० ऑगस्ट
मेहुणा आला. ह्या वेळी हिरवं काहीतरी, बाटलीत. हिने त्याला दारातच पाणी दिलं आणि दारातूनच परत पाठवलं. माझा चेहरा त्याला लांबूनच उतरलेला दिसला.

२६ सप्टेंबर
जळजळ. घड्याळ पाहिलं, साडेनऊ. अर्धा तास खुर्चीत बसून राहिलो. दहा वाजेपर्यंत थांबली. बहुतेक चहाच होता.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.४०
रिपोर्ट आला. विषाणू सापडला नाही.

हायसं वाटलं, मग लगेच जुना मी परत आला. ताईंना म्हणालो, मुळात शिस्त पक्की होती, तपशिलात थोडी सुधारणा लागली एवढंच. शेवटी घर एका माणसाच्या नियोजनावर चालतं, म्हणून तर हिला सात वर्षांत काळजी करावी लागली नाही. ताई हो म्हणाल्या. मग हिच्याकडे वळून सहज विचारलं, काकू, तुमची पुढची तपासणी एप्रिलमध्ये ना?

मी विचारलं, पुढची म्हणजे?

हिने पर्सची चेन लावली. मग एकेक करून बाहेर आलं. ही दर सहा महिन्यांनी इथे येते. एकटी. सात वर्षं. माझा रिपोर्ट चांगला असतानासुद्धा. जुलैमध्ये माझा आकडा कळला त्याच्या दुसऱ्या दिवशीही येऊन गेली, आणि आता परवा पुन्हा. प्रत्येक वेळी निगेटिव्ह. प्रत्येक वेळी रिपोर्ट इथेच ठेवून घरी येऊन जेवण वाढलं.

परत येताना विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही म्हणाला असता, त्याची काय गरज आहे. मी तसंच म्हणालो असतो. कशी यायचीस, विचारलं. बसने, १०.२० च्या. ती माझ्याच वेळापत्रकातली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, ती गाडी एकदाही वेळेवर आली नाही.

१८ ऑक्टोबर, सकाळी ८.०५
आठची घेतली. चुकलंच माझं, असं हिला म्हणालो. ती भांडी लावत होती. म्हटलं, एप्रिलमध्ये मी तुझ्याबरोबर येतो. ती म्हणाली, या. पण तिथे काही बोलू नका.