दोष आत्याच्या गळ्यात नव्हता

मी, रुद्र बहिरू गांगुर्डे, वय सव्वीस, शिक्षण नववी आणि थोडी दहावी, आज नाशिकला तर उद्या जिथे मंडप लागेल तिथे राहणार, हे मृत्युपत्र डोकं ठिकाणावर असताना, कोणी न शिकवता लिहून ठेवतो. या वयात कशाला, असं आई विचारते. गेल्या रविवारी प्लग काढलेल्या अ‍ॅम्प्लिफायरने मला भिंतीवर फेकलं, म्हणून. प्लग काढला तरी आत कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो. माहीत असून हात घातला.

१. मोटारसायकल धाकटी बहीण पायल हिला. मागचा टायर आधी बदलावा. याच गाडीवर मी सुरगाण्याला नुसता मोहाचा फुलोरा बघायला गेलो होतो, पण ते इथे नको.

२. सोल्डरगन, मीटर आणि सिरीजचा दिवा पायललाच. दुरुस्त केलेलं मशीन थेट भिंतीच्या प्लगात घालू नये, आधी दिव्यातून चालवावं. दिवा लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, मंद झाला तर पुढे जावं.

३. थोरले बंधू प्रफुल्ल यांनी वरील सामानाला हात लावू नये. शेजारी मयत होती, आवाज नको म्हणून त्यांनी भोंग्याची वायर काढली आणि तसंच गाणं लावून मशीन तपासलं. मन चांगलं होतं. पण भोंग्याशिवाय व्हॉल्व्हचं, म्हणजे काचेच्या नळ्यांचं जुनं मशीन वाजवलं की ट्रान्सफॉर्मर जळतो. जळला. मलाच तो नव्याने गुंडाळून आणावा लागला. त्यांना माझी ब्लूटूथ पेटी द्यावी.

४. मुख्य कलम. ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो त्या यादवमामांनी मला दिलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर गोजराआत्याला. मी जन्मायच्या आधीपासून आत्या जयंतीला भीमगीतं गाते. गेल्या जयंतीला आवाज फाटला, पोरं हसली. प्रफुल्लदादा म्हणाले, "आत्या, वय झालं आता. पुढच्या वर्षी डीजेच लावू." आत्या खाली उतरली ती गायचीच थांबली. भाकरी थापताना गुणगुणायची, तेही बंद.

मी मशीन उघडलं. व्हॉल्यूम शून्यावर घेतला, घूं नाही, म्हणजे कंडेन्सर ठीक. खुंटी फिरवली, चरचर नाही. मग एक नंबर माईकचा व्हॉल्व्ह दोनला घातला आणि दोनचा एकला. आत्या नेहमी एकवर गाते. दोनवर दादा उभे राहून "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणाले, तर मानगूट धरलेल्या कोंबड्यासारखा आवाज निघाला.

पायल म्हणाली, "दादा, तुझंपण वय झालं वाटतं."

दोष व्हॉल्व्हबरोबर गेला. आत्याच्या गळ्यात तो कधीच नव्हता, हे मी शपथेवर लिहितो. व्हॉल्व्ह बदलला आहे.

हे कलम आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आरे मुडद्या, तू सव्वीसचा, मी सत्तरीची. तू मरायची वाट पाहत बसू काय मी? लय शहाणा!"

बरोबर आहे. मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं, असं वकील म्हणतात. बाकीचं तसं होवो. कलम चार आजपासून लागू. मशीन भोंग्यासकट आत्याच्या घरी जोडून दिलं आहे. यंदाच्या जयंतीला एक नंबर माईक तिचा. डीजे लावायचाच असेल तर तिचं संपल्यावर.

पुन्हा वाचलं, पटलं, सही केली.
रुद्र बहिरू गांगुर्डे

मी सही करताना समोर असलेले साक्षीदार:
स्नेहल कोंडाजी पगारे
प्रफुल्ल बहिरू गांगुर्डे (सही करून म्हणाले, "आत्या किती गाणी म्हणणार ते विचारून ठेव. डीजेवाल्याला तसा उशिरा बोलावतो.")

नाशिक, ९ मार्च २०२५